झीज कुठली, अक्षर कुठलं

आमच्या चौकात गेल्या वर्षी मिसळीचं नवं दुकान निघालं. पाटी मोठी झोकात आहे. 'झणझणीत' हा शब्द जाडजूड, गोलमटोल अक्षरांत लिहिलेला. कुठेही कोपरा नाही, सगळं पुरीसारखं टम्म फुगलेलं. आणि त्या फुगलेल्या अक्षरांवर पांढरे ओरखडे, टवके, पोपडे, जणू पाटीने पन्नास पावसाळे काढलेत. खरं तर तेव्हा तिच्या कडेचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मिसळ येईपर्यंत समोरच्या बाकड्यावर बसून पाटीच बघत राहिलो, आणि एक गंमत दिसली. पहिल्या 'झ'च्या पोटात जो कोयरीसारखा टवका होता, तोच, तस्साच, त्याच जागी दुसऱ्या 'झ'च्याही पोटात होता. दोन्ही 'ण'च्या दांड्यांवर एकाच उंचीवर एकच तिरका ओरखडा. ऊनपाऊस इतका नेमका कधी झिजवत नाही.

या जातीच्या अक्षराला धंद्यात 'डिस्ट्रेस्ड' म्हणतात. मथळा, पाटी, वेष्टन एवढ्यापुरतंच ते काढलेलं असतं. त्यात पान भरून मजकूर लावला तर वाचणारा दुसऱ्या ओळीला पान उलटेल. गेली पंधरावीस वर्षं कॉफीची पाकिटं, टी-शर्ट, वेबमालिकांची शीर्षकं यांवर ते दिसतंय, आणि आता मिसळ, सेंद्रिय गूळ, गावठी तूप इथपर्यंत पोचलंय. हे अक्षर आलं कुठून, लोकांना ते का आवडतं, आणि ते देवनागरीत उतरतं तेव्हा काय होतं, असे तीन प्रश्न त्याच्याभोवती आहेत. पहिल्या दोन प्रश्नांवर जगात भरपूर लिहिलं गेलंय. तिसरा आपल्या वाट्याचा, आणि मला तोच जास्त खुपतो.

गोलाई आणि झीज या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गरजांतून आल्या, पण दोन्ही वाटा शिकागोच्या एकाच टाइप फाउंड्रीतून जातात. तिचं नाव बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर. १८९०च्या दशकाच्या अखेरीस या फाउंड्रीसाठी बर्न नडाल नावाच्या माणसाने एक टाइप काढला, 'फिफ्टीन्थ सेंच्युरी'. त्याच्या कडा मुद्दाम कुरतडलेल्या होत्या. ओलसर हातकागदावर जुन्या खिळ्यांनी छापल्यावर अक्षर जसं थोडं फाटतं, थोडं फुगतं, तसं कोऱ्या करकरीत धातूतच कोरलेलं. टाइप फारसा खपला नाही. मग १९१८च्या सुमारास फाउंड्रीने त्याचं बारसं पुन्हा केलं आणि 'कॅस्लन अँटिक' असं नाव ठेवलं. अठराव्या शतकातल्या विल्यम कॅस्लनच्या टाइपाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, पण नाव बदलताच माल उठायला लागला. जुनेपणाच्या धंद्यात अक्षरापेक्षा लेबल जास्त विकतं, याची ही बहुधा पहिली नोंद. 'ले मिझेराब्ल' या गाजलेल्या संगीतिकेच्या नावाची अक्षरं याच टाइपातली आहेत.

त्याच फाउंड्रीने १९२२ साली ऑस्वाल्ड कूपरचा 'कूपर ब्लॅक' बाजारात आणला. हा गोलाईचा आजोबा. अक्षरांची टोकं, पाय, सांधे सगळं मऊ, लोण्यात कोरल्यासारखं. जाहिरातदारांनी तो डोक्यावर घेतला, जुन्या वळणाच्या मुद्रकांनी नाकं मुरडली. १९६६ सालच्या 'पेट साउंड्स' या बीच बॉइजच्या तबकडीच्या वेष्टनावर तो होता, आणि आज ईझीजेटच्या विमानांवरही आहे. जाड अक्षर ओरडतं. त्याचे कोपरे काढले की तेच अक्षर ओरडता ओरडता हसायला लागतं. कूपरला हे नेमकं कळलेलं होतं.

गोलाई छपाईत आपोआपही येते. शाईचा स्वभाव पसरायचा. खिळ्याची धार कागदात रुतते, शाई बाजूला दाबली जाते, आणि कोपऱ्यांवर ती जरा गोळा होते. म्हणून जुन्या पुस्तकातलं कुठलंही अक्षर भिंगाखाली धरलं तर ते धातूतल्या अक्षरापेक्षा जाड आणि गोल दिसतं. पुढे १९७९ साली फोक्सवॅगनने स्वतःसाठी 'व्हीएजी राउंडेड' करून घेतला. तोच टाइप नंतर अनेक वर्षं ॲपलच्या कीबोर्डांवर होता. ती गोलाई शाईची नव्हे, कारखान्याची, घासून गुळगुळीत केलेल्या प्लास्टिकची. त्यामुळे गोल अक्षराच्या दोन जाती पडतात. एक शाईने फुगलेली, दुसरी यंत्राने तासलेली. मिसळीच्या पाटीवरचं अक्षर दुसऱ्या जातीचं, आणि झीज मात्र त्याच्यावर पहिल्या जातीची चढवलेली. सोंगाची ही पहिली फट.

झिजेचा पहिला गंभीर पेच मात्र अमेरिकेत नव्हे, लंडनमध्ये पडला असं मी मानतो. १८८८ साली एमरी वॉकरने एका व्याख्यानात पंधराव्या शतकातल्या छापील पानांची छायाचित्रं पडद्यावर मोठी करून दाखवली. ऐकणाऱ्यांत विल्यम मॉरिस होता. त्याला झपाटल्यासारखं झालं, आणि व्हेनिसच्या निकोलस येन्सनच्या पानांची मोठी केलेली छायाचित्रं समोर ठेवून त्याने आपला 'गोल्डन' टाइप काढला. आता छायाचित्रात खिळा दिसत नाही, खिळ्याचा ठसा दिसतो. येन्सनने कोरलेलं अक्षर वेगळं, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या ओल्या कागदावर शाईने केलेलं अक्षर वेगळं. मॉरिसने ठसा पाहिला आणि पुन्हा खिळा कोरला. तो खिळा छापल्यावर शाई पुन्हा पसरली. झिजलेल्या अक्षराची सगळी अडचण या एका फेऱ्यात आहे.

खरी झीज पाहायची तर लाकडी टाइपाकडे जावं लागतं. मोठी अक्षरं शिशात ओतणं जिकिरीचं असे. धातू सगळीकडे सारखा थंड होत नाही, पृष्ठभाग मध्ये खचतो, आणि वजन तर विचारायलाच नको. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकूड कोरायला फिरत्या पात्याचं यंत्र वापरायला सुरुवात केली, आणि १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला. एकच नमुना गिरवायचा, लहानमोठी हवी तितकी अक्षरं काढायची. लाकूड मेपलचं, आणि तेही आडवं कापून उभे तंतू वर येतील असं. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावात १८८० साली सुरू झालेल्या हॅमिल्टन कंपनीने पुढे हा सगळा धंदाच ताब्यात घेतला. तिथे आता लाकडी टाइपाचं संग्रहालय आहे.

ही अक्षरं सर्कशीच्या, लिलावाच्या, 'पकडून देणाऱ्यास इनाम'च्या भित्तिपत्रकांवर घासली गेली. एखादा ठोकळा खाली पडला की कोपरा उडायचा. साफ करताना टर्पेंटाइनने लाकडाच्या शिरा उघड्या पडायच्या. ठोकळा जरा झिजून बुटका झाला की त्या अक्षरावर शाई कमी बसायची, मग मुद्रक त्याच्या बुडाला पातळ कागदाची चकती चिकटवून त्याला उंच करायचा. शाई कमी पडली की अक्षरभर मिठाचे कण पेरल्यासारखे पांढरे ठिपके दिसायचे. आज संगणकावर 'व्हिंटेज' म्हणून जे विकतात ते मुळात हे आहे: आळशी शाई, बुटका ठोकळा आणि घाईतला मुद्रक. त्या मुद्रकाला कोणी सांगितलं असतं की तुझी चूक शंभर वर्षांनी लोक पैसे मोजून घेतील, तर तो पोट धरून हसला असता.

मग १९९०चं दशक. त्याआधी पाचएक वर्षांत लेसर प्रिंटर आणि पोस्टस्क्रिप्ट आल्याने अक्षर पहिल्यांदा पूर्ण स्वच्छ झालं होतं. हजारावी प्रत पहिलीइतकीच धारदार. आणि नेमका तेव्हाच अक्षर मळवण्याचा सोस सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या 'एमिग्रे' या फाउंड्रीने १९९१ साली बॅरी डेकचा 'टेम्प्लेट गॉथिक' विकायला काढला. त्याचं मूळ एका लॉन्ड्रीतल्या, साच्याने हाताने लिहिलेल्या पाटीत होतं. त्याच वर्षी एरिक फान ब्लोकलंडने बर्लिनमधल्या एका मैत्रिणीच्या जुन्या टाइपरायटरच्या अक्षरांवरून 'ट्रिक्सी' केला, आणि 'द एक्स-फाइल्स'च्या नावाने तो घरोघरी पोचला. याच ब्लोकलंडने युस्ट फान रॉसमबरोबर थोडं आधी 'बेओवुल्फ' नावाचा टाइप काढला होता, त्याची कल्पना मला अजूनही सगळ्यांत भारी वाटते. प्रिंटरला सूचनाच अशी की प्रत्येक अक्षर छापताना त्याच्या कडा स्वतःच्या मनाने थोड्या हलव. एकाच पानावरचे दोन 'ई' कधीच सारखे येणार नाहीत. मिसळीच्या पाटीच्या दोन 'झ'ना जे जमलं नाही, ते तीसपस्तीस वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलंय. २०११ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २३ डिजिटल टाइप संग्रहात घेतले, त्यांत 'बेओवुल्फ' आणि 'टेम्प्लेट गॉथिक' दोन्ही आहेत.

डेव्हिड कार्सनने 'रे गन' मासिकात एका गायकाची कंटाळवाणी वाटलेली मुलाखत सरळ चिन्हांच्या टाइपात लावून टाकली, तोही याच काळातला प्रकार. जुन्या शिस्तीची माणसं चिडली. टाइप हा काचेच्या पेल्यासारखा असावा, आतली वारुणी दिसावी, पेला दिसू नये, असं बिआट्रिस वॉर्डने १९३०मध्ये मांडलं होतं. त्या परंपरेला पेल्यावर मुद्दाम चरे पाडणं म्हणजे पाखंड वाटलं. १९९३ साली स्टीव्हन हेलरने 'आय' नियतकालिकात या कुरूपतेच्या पंथावर लेखच लिहिला आणि वाद पेटला. आता ती भांडणं वाचताना मला दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर वाटतात. पेल्याची उपमा पुस्तकाच्या पानाला लागू पडते. दुकानाच्या पाटीला पेला दाखवायचाच असतो. पण मळवणाऱ्यांनीही एक गोष्ट झाकून ठेवली. मळवण्यामागे बंड होतं तोपर्यंत ठीक. दहा वर्षांत तेच बंड शीतपेयाच्या डब्यावर आलं.

आवडीची कारणं मला फार गूढ वाटत नाहीत. झिजलेलं अक्षर न बोलता सांगतं की आम्ही जुने आहोत, हाताने करतो, आमच्या मागे कोणी मोठी कंपनी नाही. हे खोटं असलं तरी ग्राहकाला ते खोटं आहे हे ठाऊक असतं, आणि तो त्या खेळात खुशीने सामील होतो. जोडीला काही अगदी रोकडी कारणं आहेत, त्यांबद्दल कोणी लिहीत नाही. टी-शर्टवर जाड, सपाट अक्षर छापलं की छातीवर शाईचा जाड थर बसतो. घाम येतो, कापड ताठ होतं, चार धुण्यांत त्याला भेगा पडतात. तेच अक्षर ठिपक्याठिपक्यांनी झिजवून छापलं तर शाई कमी लागते, कापड मऊ राहतं, छपाईत थोडं कमीजास्त झालं तरी खपून जातं, आणि पुढे खरंच भेगा पडल्या तर त्या डिझाइनचाच भाग वाटतात. छपाईवाल्याला यापेक्षा सोयीचं अक्षर सापडणार नाही. उलट विनाइल कापून पाट्या चिकटवणाऱ्याला विचारा. प्रत्येक टवका चिमट्याने उचलून काढायचा म्हणजे त्याची अर्धी दुपार जाते. तो शिव्या घालतो आणि छापून देतो म्हणतो.

हे अक्षर बनतं कसं, तेही जरा पाहू. कोणी स्वच्छ अक्षर छापून त्याची झेरॉक्स काढतो, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं आठदहा वेळा. कोणी कागद चुरगाळतो, कोणी पॉलिशपेपर मारतो, कोणी स्पंजाने शाई लावून रबरी ठसा उमटवतो. मग स्कॅन, काळंपांढरं, आणि संगणकाकडून त्याची बाह्यरेषा काढून घेणं. स्वच्छ रोमन 'ओ' काढायला आठ बिंदू पुरतात, चार बाहेरच्या वळणावर, चार आतल्या. तोच 'ओ' झिजवला की बिंदू काही शेकड्यांत जातात. पूर्वीचे प्रिंटर अशी एक ओळ आली की मान टाकत. आताची यंत्रं ती पचवतात, पण दुसरी अडचण यंत्राची नव्हतीच. एकच टवका पुन्हा पुन्हा दिसतो, आणि माणसाचा डोळा पुनरावृत्ती पकडण्यात भलताच हुशार. त्यावर ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारात सोय आहे: एकाच अक्षराचे तीनचार वेगवेगळे झिजलेले अवतार ठेवायचे आणि शेजारी तेच अक्षर आलं की दुसरा अवतार आपोआप यावा अशी आज्ञा लिहायची. चांगले फॉन्ट करणारे हे करतात. स्वस्तातले करत नाहीत, आणि पाट्यांवर बहुतेक स्वस्तातलेच असतात.

आता आपल्याकडे.

देवनागरीत अक्षरं झिजली नाहीत असं अजिबात नाही. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपाचा कारखाना काढला, त्यातून पुढे निर्णयसागर छापखाना उभा राहिला, आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेले ते खिळे देशभर नावाजले गेले. पण देवनागरी खिळ्याची दुखणी रोमनपेक्षा निराळी. मात्रा, वेलांटी, रफार हे अवयव अक्षराच्या अंगाबाहेर जातात. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीत वरखालच्या खुणांचे खिळे सुटे जुळवायचे, 'अखंड' पद्धतीत त्या अक्षराच्याच अंगाला लगडलेल्या असायच्या. बापूराव नाइकांच्या देवनागरी मुद्रणावरच्या तीन खंडांच्या ग्रंथात, जो राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ साली काढला, या सगळ्याचा शास्त्रशुद्ध पसारा आहे; अक्षराच्या धंद्यातल्या माणसाने तो एकदा तरी चाळावा. खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणारा भाग दाबाखाली पहिल्यांदा मोडतो. म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांत अक्षराचं पोट शाबूत आणि वेलांटीचं टोक गायब असतं. शिरोरेषा सलग दिसायला हवी, पण दोन खिळ्यांच्या मध्ये तिला केसाएवढी चीर पडते, आणि खिळे जितके जुने तितकी ती रुंद. आजीची जुनी पोथी उघडून बघा. तिच्या शिरोरेषा रेल्वेच्या रुळांसारख्या सांध्यासांध्यावर तुटलेल्या दिसतील.

म्हणजे प्रत्येक लिपीची झीज तिच्या हाडांप्रमाणे होते. रोमन लाकडी ठोकळ्याचा कोपरा उडतो. देवनागरीची शिरोरेषा सांध्यावर तुटते, वेलांटी मोडते, अनुस्वार पुसतो. आणि नेमकं इथेच बाहेरून आणलेलं झिजेचं कापड देवनागरीवर पांघरलं की घोटाळे होतात. ते कापड मेपलच्या लाकडाचं, किंवा कुठल्या तरी परक्या शहरातल्या गंजलेल्या पत्र्याचं असतं. आपल्या अक्षरांत कुठली रेघ कामाची आणि कुठली शोभेची, हे त्याला माहीत नसतं.

'घ' आणि 'ध' यांच्यातला मुख्य फरक माथ्यावर आहे: 'घ'ची शिरोरेषा अखंड, 'ध'ची डावीकडे उघडी. 'म' आणि 'भ'चंही जवळपास तेच. 'व'च्या पोटात तिरकी रेघ आली की 'ब', 'प'च्या पोटात आली की 'ष'. 'ड'शेजारी ठिपका पडला की 'ङ'. आता या अक्षरांवर ओरखड्यांचा पडदा टाका. एक तिरका चरा 'वारा'चे 'बारा' वाजवतो. माथ्यावर उरलेला एक काळा कण 'आबा'ला 'आंबा' करतो. रोमनमध्येही असं होतं, पण क्वचित, कारण तिथे अक्षराची ओळख इतक्या बारीक खुणांवर टांगलेली नसते. आणि अक्षर जितकं जाड आणि गोल, तितकी ही पंचाईत वाढते. पोटातली मोकळी जागा आधीच सुईएवढी उरलेली, 'भ'चा आकडा गोलाईत विरघळलेला, ओळख काय ती एका फटीवर टिकलेली. त्यात टवके.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वीसेक वर्षांपूर्वी एकांकिका स्पर्धेसाठी एका कॉलेजच्या मुलांचं पोस्टर केलं होतं. नाटकाचं नाव 'मात'. बुद्धिबळाचा पट, राजकारण, वगैरे. मी नाव जाड गोल अक्षरात लावलं, वर एका जुन्या भिंतीचा पोपडा चढवला, आणि स्वतःवर खूश होऊन पाठवून दिलं. पोपड्याने 'म'च्या शिरोरेषेचा डावा तुकडा खाल्ला होता. थिएटरच्या दारात पोस्टर लागलं आणि तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला, "अरे, 'भात' कितीला आहे?" नाटकाला बक्षीस मिळालं. मला अजूनही त्या ग्रुपमधली दोनतीन मुलं भेटली की जेवणाचं विचारतात.

आणखी एक अडचण आहे, ती डोळ्याला सहज दिसत नाही. देवनागरी फॉन्टात शिरोरेषा सलग यावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेषा शेजारच्यावर किंचित चढवलेली असते. स्वच्छ अक्षरात काळ्यावर काळं, काही बिघडत नाही. पण झिजलेल्या फॉन्टात एका अक्षराचा पांढरा टवका दुसऱ्याच्या काळ्याखाली झाकला जातो. त्यामुळे सगळा शब्द मळका आणि प्रत्येक सांध्यावर मात्र एक छोटा चौकोन चकचकीत काळा, असा प्रकार होतो. म्हणजे खऱ्या छपाईत जिथे तुटायचं, तिथेच हे अक्षर सगळ्यांत धडधाकट. जोडाक्षरं धरून देवनागरी फॉन्टात काहीशे आकृत्या असतात, प्रत्येकीला शेकडो बिंदू, वर प्रत्येकीचे तीनतीन अवतार. हे गणित मांडलं की असे फॉन्ट देवनागरीत मोजके का, ते कळतं. मग डिझाइनर काय करतो? स्वच्छ जाड फॉन्टात शब्द लावतो, त्याचं चित्र करतो आणि वरून पोत चढवतो. हरकत नाही. निदान दोन 'झ' वेगळे झिजतात.

गोलाईचं मात्र आपल्याकडे फार सुंदर काम झालंय, आणि त्याचं कौतुक पुरेसं झालेलं नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मोदक' हा फॉन्ट पाहावा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्यात जाडी इतकी वाढवली की अक्षराच्या पोटात फक्त पांढरी रेघ उरली, आणि ती रेघच मग अक्षर सांगते. नाव ऐकल्यावर आणखी काही बोलायला नको. त्याच चमूचा 'बालू' त्याहून वापरातला, खुला, फुकट मिळणारा. वेगवेगळ्या भारतीय लिप्यांत तो निघाला आणि नावं काय, तर बांगलासाठी 'बालू दा', गुजरातीसाठी 'बालू भाई', तमिळसाठी 'बालू तंबी', गुरमुखीसाठी 'बालू पाजी'. बोरूच्या तिरक्या कापापासून सुटलेली देवनागरी कशी दिसेल, याचं या दोन्हीत नेमकं उत्तर आहे. बोरू गेला तरी अक्षराचं वळण गेलेलं नाही. हातात जाड ब्रश किंवा मार्कर असलेल्या माणसाचं ते वळण आहे. आज गावोगावच्या फ्लेक्सवर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर 'बालू' दिसतो, आणि बहुतेक वेळा तो कोणी काढला हे लावणाऱ्याला माहीत नसतं.

फॉन्टच्या आधी हे काम हातांनी व्हायचं, आणि तिथे झिजेला अर्थ होता. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत शीर्षकांची जी अक्षरं काढली, त्यांत शब्दाचा स्वभाव अक्षरात उतरायचा. तडा द्यायचा तर तो कुठल्या अक्षराला, कुठल्या दांडीला, हे ते ठरवत. पोताचा एकच पडदा सगळ्या शब्दावर टाकणं त्यांच्या हातून झालं नसतं, कारण त्यांना ते काढावं लागायचं. प्रत्येक ओरखडा हाताने ओढायचा असला की माणूस जपून ओढतो. पाट्या रंगवणाऱ्यांचंही तसंच. हनीफ कुरेशी यांनी 'हँडपेंटेड टाइप' या उपक्रमात देशभरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट केले. त्यांत मला आवडलेली गोष्ट ही की ती अक्षरं झिजलेली नाहीत. छटा, सावल्या, ब्रशचे झटके सगळे ताजे आहेत. पेंटर पाटी नवी दिसावी म्हणूनच रंगवतो. जुनी ती नंतर होते, स्वतःच्या वेगाने.

माझं मत विचाराल तर देवनागरीत झिजलेला जाड गोल फॉन्ट व्हावा, पण त्याची झीज आपल्याकडूनच उचलावी. सामग्री रस्त्यावर पडलीय. मार्केट यार्डातल्या बारदानावर पत्र्याच्या साच्यातून उमटवलेलं व्यापाऱ्याचं नाव पाहा: गोणपाटाच्या विणीत शाई अर्धी बसते, आणि साच्याचे तुकडे जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे शिरोरेषा मुळातच तुटक असते. ग्रामपंचायतीचा गोल रबरी शिक्का पाहा: काठाला जांभळी शाई दाट, अक्षराच्या मध्ये फिकट, आणि एका बाजूचा दाब कमी पडल्याने अर्धं गाव गायब. भिंतीवर गेरूने रंगवलेली जुनी जाहिरात पाहा; तिच्यात कान्यांचे पाय आधी जातात, कारण भिंत खालून ओल धरते. यातली प्रत्येक झीज कुठे होणार ते ठरलेलं आहे, आणि तिचा नियम लिहिता येतो. अनुस्वाराला हात लावायचा नाही, 'घ'चा माथा फोडायचा नाही, 'व'च्या पोटात चरा नाही. तोडायचं ते सांध्यावर, वेलांटीच्या शेपटीवर, कान्याच्या पायाशी. अक्षर ओळखणाराच ते नीट झिजवू शकतो. हे करायला एका माणसाला दोनेक वर्षं लागतील आणि पैसे मिळणार नाहीत, तो भाग वेगळा.

परवा त्या मिसळीच्या दुकानावरून गेलो. एक पावसाळा होऊन गेलाय. 'झणझणीत' जसाच्या तसा आहे. छापील टवके जिथे होते तिथेच, नवा एकही नाही. पण त्याखाली विनाइलची बारीक अक्षरं कापून एक ओळ चिकटवलेली आहे, 'घरगुती मसाल्यांची'. तिच्यातला अनुस्वार, सुटा गोल ठिपका, गळून पडलाय. त्याच्या जागी डिंकाचा गोल डाग राहिलाय आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून तो पुन्हा अनुस्वारासारखा दिसायला लागलाय.